पामतेलाचा दाखला: काय सांगतो, काय सांगत नाही



परदेशी स्थायिक झालेली मुले-नातवंडे सुट्टीला घरी येतात, तेव्हा त्यांच्या सामानातून बिस्किटांचे डबे आणि चॉकलेटेही येतात. त्यांतील काही वेष्टनांवर ताडाच्या शेंड्यासारखे एक चिन्ह दिसते आणि सोबत 'सर्टिफाइड सस्टेनेबल पाम ऑइल' अशी अक्षरे असतात. गेल्या वर्षभरात माझ्या दवाखान्यात येणाऱ्या काही ज्येष्ठांनी अशी वेष्टने जपून आणून मला दाखविली. त्यांचा प्रश्न एकच होता: "डॉक्टर, तुम्ही पामतेल कमी करा म्हणता. पण हे तर प्रमाणित आहे. मग हे चालेल ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विचारणाऱ्यांपैकी कोणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कोणाला मधुमेह असतो, आणि त्या वेष्टनावरील शिक्क्याच्या भरवशावर रोज चहाबरोबर चार बिस्किटे खाल्ली जात असतात. म्हणून आजच्या लेखात हा शिक्का नेमका कशाचा आहे, ते पाहू.

वैद्यकीय व्यवसायात दाखल्यांवर सह्या करणे हा नित्याचा भाग आहे. रजेसाठी, नोकरीसाठी, यात्रेसाठी, विम्यासाठी. इतकी वर्षे सह्या केल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे: ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दाखला दिला जातो, त्या प्रश्नापुरताच तो खरा असतो. आपल्यापैकी निवृत्तिवेतन घेणारे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला सादर करतात. त्यावरून संबंधित व्यक्ती हयात आहे एवढेच बँकेला कळते. तिचा रक्तदाब किती, साखर आटोक्यात आहे की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नाही. पामतेलाच्या शिक्क्याबाबत मात्र हीच गल्लत सर्रास होते. तो दाखला जमिनीविषयी, जंगलाविषयी आणि मळ्यात राबणाऱ्या माणसांविषयी आहे. आपल्या रक्तवाहिन्यांविषयी तो एक अक्षरही बोलत नाही.

प्रथम या तेलाची ओळख करून घेऊ. तेलताड हे झाड आपल्या कोकणातील माडाहून वेगळे. ते मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोर येथील वनस्पती उद्यानात लावण्यात आली. आज जगातील सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते. त्याच्या फळाच्या गरातून निघणाऱ्या तेलाचा पातळ भाग वेगळा केला की त्याला 'पामोलिन' म्हणतात. आपण या तेलाचे जगातील सर्वांत मोठे आयातदार आहोत; वर्षाला साधारण ७५ लाख ते १ कोटी टन पामतेल भारतात येते. महाराष्ट्रात शिधापत्रिकेवर मिळालेल्या 'आनंदाचा शिधा' या संचात रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर एक लिटर पामतेल होते, हे अनेकांना आठवत असेल. ज्यांच्या घरी पामोलिनची पिशवी कधी येत नाही, त्यांच्याही पोटात ते जातेच. पाकीटबंद फरसाण, बिस्किटे, टोस्ट, नूडल्स, आइस्क्रीमसारखे दिसणारे 'फ्रोझन डेझर्ट', हॉटेलातील तळण, वनस्पती तूप या सर्वांत त्याचा वावर आहे. अंगाला लावायच्या साबणातही ते असते.

ते इतके सर्वव्यापी का झाले, याचे कारण त्याच्या उत्पन्नात आहे. एक हेक्टर तेलताडापासून वर्षाला सरासरी साडेतीन टनांच्या आसपास तेल मिळते. सोयाबीनच्या एका हेक्टरातून जेमतेम अर्धा टन. त्यामुळे ते स्वस्त पडते. ते घरच्या तापमानाला घट्टसर राहते, लवकर खवट होत नाही आणि तळणीत टिकते. कारखानदाराला आणखी काय हवे?

परंतु या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजली आहे. सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील घनदाट जंगले गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर तोडली गेली, आणि तेथे तेलताडाच्या एकसुरी रांगा उभ्या राहिल्या. ओरांगउटानसारख्या प्राण्यांचे घर गेले, हे आपण दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. डॉक्टर या नात्याने मला आपले लक्ष वेधायचे आहे ते धुराकडे.

या बेटांवर विस्तीर्ण दलदली आहेत. हजारो वर्षांचा पालापाचोळा आणि लाकूड पाण्याखाली अर्धवट कुजून तेथे काळ्या मातीसारखा थर साचला आहे. त्याला 'पीट' म्हणतात. लागवडीसाठी चर खणून पाणी काढून टाकले की हा थर वाळतो आणि सरपणासारखा पेटतो. वरची ज्वाळा विझली तरी आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो. २०१५ साली, एल निनोच्या कोरड्या हंगामात, जून ते ऑक्टोबर या काळात इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. गोव्याएवढी सात राज्ये जळाली, असे म्हटले तर आवाका लक्षात येईल. सर्व आगी पामसाठीच लावल्या होत्या असे नाही. कागदाच्या लगद्यासाठी केलेली लागवड, लहान शेतकऱ्यांनी जमीन साफ करण्यासाठी लावलेली आग आणि दुष्काळ यांचाही त्यात वाटा होता. पण पामच्या मळ्यांचा विस्तार हे एक मोठे कारण होते, याविषयी दुमत नाही.

हवेचा प्रदूषण निर्देशांक ३००च्या वर गेला की ती हवा घातक समजतात. बोर्निओवरील पालंकाराया शहरात तो त्या काळात १,५०० च्याही पुढे गेला. इंडोनेशियात पाच लाखांहून अधिक लोकांना श्वसनविकाराचा त्रास झाल्याची नोंद झाली. धूर समुद्र ओलांडून सिंगापूर आणि मलेशियापर्यंत पोहोचला. हार्वर्ड आणि कोलंबिया या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ मध्ये असा अंदाज मांडला की, या तीन देशांत मिळून त्या धुरामुळे सुमारे एक लाख माणसे अकाली मृत्यू पावली असावीत. हा गणिती प्रारूपावरून काढलेला अंदाज आहे आणि संबंधित शासनांनी तो मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि धुराचे शरीरावर होणारे परिणाम वैद्यकशास्त्राला नवे नाहीत. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात, तेथून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात. दमा आणि जुनाट खोकला बळावतो, आणि हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके वाढतात. हा तडाखा सर्वांत आधी बसतो तो लहान मुलांना आणि वृद्धांना. म्हणजे पालंकारायातील आपल्याच वयाच्या एखाद्या आजोबांच्या छातीत त्या वर्षी गेलेला धूर आणि आपल्या फरसाणाचे पाकीट या दोन गोष्टी एकाच व्यापाराच्या दोन टोकांना आहेत.

या पार्श्वभूमीवर प्रमाणपत्राचा जन्म झाला. २००४ साली 'राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल', म्हणजे आरएसपीओ, ही संस्था स्थापन झाली. मळेवाले, तेल गाळणारे, वस्तू बनविणाऱ्या कंपन्या, किरकोळ विक्रेते, बँका आणि पर्यावरणासाठी झटणाऱ्या संस्था असे परस्परविरोधी हितसंबंधांचे लोक तिच्यात एकत्र बसतात. २००८ मध्ये पहिले प्रमाणित तेल बाजारात आले. आज जगातील पामतेलापैकी साधारण पाचवा हिस्सा या प्रमाणपत्राखाली येतो. मलेशियाने स्वतःचे 'एमएसपीओ' प्रमाणपत्र २०२० पासून सक्तीचे केले आहे, आणि इंडोनेशियाचे 'आयएसपीओ' २०११ पासून आहे. परदेशी वेष्टनांवर आपल्याला दिसतो तो शिक्का बहुधा आरएसपीओचा असतो.

हा दाखला देताना काय तपासतात? जमीन कायदेशीर आहे का. ती घेताना तेथील रहिवाशांची पूर्वसूचना देऊन, दबावाविना संमती घेतली होती का. बालमजुरी किंवा वेठबिगारी आहे का. जमीन साफ करण्यासाठी आग लावली का. २०१८ साली नियम अधिक कडक झाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरनंतर जंगल तोडून किंवा पीटवर नवी लागवड केली असेल, तर दाखला मिळत नाही. याच नियमांत पॅराक्वाट या तणनाशकाचा वापर, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, बंद करण्यात आला. ज्या डॉक्टरांनी पॅराक्वाटची विषबाधा पाहिली आहे, त्यांना या एका कलमाचे मोल कळेल. त्यावर उतारा नाही; फुप्फुसे हळूहळू निकामी होतात. फवारणी करणाऱ्या कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हे काम देऊ नये, असेही नियम आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा अशा नियमांची किंमत आपल्यालाही कळली होती.

नियम चांगले असणे आणि ते पाळले जाणे यांत अंतर असते. हा दाखला पाच वर्षांसाठी असतो आणि दरवर्षी पाहणी होते. परंतु पाहणी करणाऱ्या संस्थेचे शुल्क ज्याची पाहणी करायची तो मळाच देतो. या दोषावर पर्यावरणवादी संस्थांनी वारंवार बोट ठेवले आहे. पैसे मोजून दाखला मागणारा माणूस समोर बसला असता मनावर कसला ताण येतो, हे कोणताही डॉक्टर सांगू शकेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंडोनेशियातील मळ्यांची २००१ ते २०१५ या काळातील उपग्रह-चित्रे तपासण्यात आली. प्रमाणित मळ्यांत जंगलतोड सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हे यश लहान नाही. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की, दाखला मिळालेल्या मळ्यांत मुळात जंगलच थोडे शिल्लक होते, आणि आगींच्या प्रमाणात किंवा पीटवरील तोडीत दाखल्यामुळे फरक पडल्याचे दिसले नाही. हा अभ्यास २०१८ च्या कडक नियमांपूर्वीच्या काळाचा आहे, एवढे लक्षात ठेवावे. एकूण निष्कर्ष असा की, हा दाखला खोटा नाही आणि रामबाणही नाही. औषधांच्या भाषेत सांगायचे तर त्याचा गुण येतो, परंतु सर्व लक्षणांवर येत नाही.

आता शिक्क्यावरील बारीक अक्षरांकडे वळू. भिंग असल्यास जवळ घ्या. चिन्हाजवळ तीन शब्दांपैकी एक असतो. 'सर्टिफाइड' असेल, तर आतील पामतेल प्रमाणित मळ्यांतूनच आलेले असून वाटेत ते इतर तेलापासून वेगळे ठेवलेले असते. 'मिक्स्ड' असेल, तर प्रमाणित आणि साधे तेल वाटेत एकत्र झालेले असते. हिशेब मात्र ठेवला जातो. आपण बँकेत भरलेल्याच नोटा आपल्याला परत मिळत नाहीत, पण खात्यावरची रक्कम जुळते, तसे हे. तिसरा शब्द 'क्रेडिट्स'. तेथे आतील तेल कोठूनही आलेले असू शकते. कंपनीने तेवढ्याच तेलापुरते पैसे प्रमाणित मळ्यांना किंवा लहान शेतकऱ्यांना दिलेले असतात. दूरच्या गावातील शाळेला देणगी देण्यासारखे ते आहे. तिन्हींचा काही ना काही उपयोग आहे, पण तिन्ही सारखे नाहीत.

आता मूळ प्रश्न, हृदयाचा. जंगल राखून काढलेले पामतेल आणि जंगल जाळून काढलेले पामतेल यांची रासायनिक घडण एकच असते. दोन्हींत सुमारे निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, असते. शेंगदाणा तेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आत आणि सूर्यफूल तेलात दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. संपृक्त चरबी रक्तातील अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढविते. पामतेलात मुळात ट्रान्स फॅट नसते आणि त्या बाबतीत ते जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपाहून बरे, हे मान्य. पण म्हणून ते पथ्याचे ठरत नाही. वेष्टनावरील 'कोलेस्टेरॉल-मुक्त' या शब्दांनीही भुलू नका. कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते.

थोडे गणित करू. दिवसाला १,६०० कॅलरी घेणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीने संपृक्त चरबी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे १८ ग्रॅमपर्यंत ठेवावी. हृदयविकार असल्यास ती १२ ग्रॅमच्या आत असलेली बरी. दूध, तूप, घरचे तेल यांतून यातील बराचसा वाटा आधीच संपलेला असतो. आता एखाद्या बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे १२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट लिहिले आहे असे समजा. चार बिस्किटे साधारण ३० ग्रॅमची भरली, तर साडेतीन ग्रॅमहून थोडी अधिक संपृक्त चरबी पोटात गेली. पुड्यावर कोणताही शिक्का असो, हा आकडा बदलत नाही.

मग करावे काय? घरात काळजी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. पहिली, वेष्टन उलटून घटकांची यादी वाचा. आपल्याकडील नियमांनुसार तेथे तेलाचे नेमके नाव द्यावे लागते. 'पाम ऑइल' किंवा 'पामोलिन' हा शब्द शोधा, आणि पोषणाच्या तक्त्यात सॅच्युरेटेड फॅटचा आकडा पाहा. दुसरी, आजी-आजोबांचा खाऊ एकदम बंद करू नका. उतारवयात चहाबरोबरचे ते दोन घास हा दिवसाचा आनंद असतो, आणि आधीच वजन उतरलेल्या वृद्धांचे खाणे तोडणे अपायाचे असते. बिस्किटांऐवजी भाजलेले चणे, राजगिऱ्याचा लाडू, दात नसल्यास मऊ उपमा किंवा पिकलेले केळे द्यावे. मधुमेह असेल, तर लाडू आणि केळ्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. तिसरी, घरातील एकूण तेल मोजा. बैठे जीवन असलेल्या माणसाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या आत तेल पुरते. चौथी, स्वस्त म्हणून पामोलिनच घ्यावे लागत असेल, तर मनात अपराधी भाव न बाळगता ते कमी प्रमाणात वापरा आणि तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

"मग पामतेलावर सरळ बहिष्कारच का टाकू नये?" असेही काही जण विचारतात. स्वतःच्या प्रकृतीसाठी ते कमी करावे, हे मी सांगितलेच. परंतु साऱ्या जगाने ते सोडून तेवढेच तेल सोयाबीन किंवा अन्य पिकांतून काढायचे ठरविले, तर कितीतरी पट अधिक जमीन लागेल आणि दुसरीकडचे जंगल पडेल. शिवाय या पिकाचा मोठा वाटा लहान शेतकऱ्यांच्या हाती आहे. त्यांची चूल त्यावर पेटते. म्हणून खाणे कमी करणे आणि जे खाल्ले जाते ते नीट पिकविलेले असावे असा आग्रह धरणे, हे दोन्ही बरोबरीने व्हायला हवे.

हा आग्रह आपण धरू शकतो. भारतात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर हा शिक्का अजून क्वचितच दिसतो, कारण येथे तो कोणी मागत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदाच केला की, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरील पामतेल तेथे विकता येणार नाही. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली गेली आहे. आपल्या देशानेही २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांची योजना आखून ईशान्य भारत आणि अंदमानात तेलताडाच्या लागवडीवर भर दिला. म्हणजे जंगल की तेल हा प्रश्न आता आपल्या अंगणात आला आहे. प्रत्येक पुड्यावर ग्राहक-सेवेचा पत्ता छापलेला असतो. 'आपण वापरता ते पामतेल प्रमाणित आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रकारचे?' एवढे एक वाक्य पत्रात लिहून पाठवावे. आपल्या पिढीला पत्र लिहिण्याची सवय आहे, अक्षर सुवाच्य आहे आणि दुपारी थोडा निवांत वेळही असतो. असे पत्र कोणी लिहिले आणि उत्तर आले, तर या पाक्षिकाच्या पत्त्यावर मला अवश्य कळवावे.

आणि नातवंडांनी प्रेमाने आणलेला तो डबा? शिक्का पाहून त्यांचे कौतुक करा. त्यांनी दूरच्या जंगलाचा विचार केला आहे. डबा उघडा, चार जणांत वाटा, आपण एक बिस्कीट घ्या आणि उरलेला डबा आपल्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवायला सुनेला सांगा.